मगरींचे वकीलपत्र

ताटात मासा आला की वकीलसाहेब उठून खुंटीवरचा काळा कोट अंगात चढवीत. खाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, आत बनियन आणि वर महाडच्या कोर्टात उभी हयात घालवून कोपरांशी तुळतुळीत झालेला तो कोट. मग पुन्हा पाटावर मांडी घालून ते माशाकडे रोखून बघत आणि मला विचारीत, “बाई, हा इसम कोणाचं खाऊन एवढा झाला?”

मी त्यांची भाडेकरू होते. माडीवरची एक खोली आणि दोन वेळचे जेवण, एवढेच आमचे ठरले होते. साक्ष देण्याचे कोणी बोलले नव्हते. परंतु पहिल्याच रविवारी माझ्या ध्यानात आले की या घरात जेवायचे असेल, तर आधी पिंजऱ्यात उभे राहावे लागणार.

“बोय मासा आहे,” मी पुटपुटले.

“नाव विचारलं नाही. उपजीविका विचारली.”

“शेवाळ खातो. खाडीच्या चिखलावर हिरवट थर असतो ना, तो खरवडून.”

“आणि शेवाळ कोणाचं खातं?”

“कोणाचं नाही. ते उन्हावरच वाढतं.”

“म्हणजे ऊन आधी शेवाळाच्या हातात, शेवाळाकडून या इसमाच्या आणि याच्याकडून माझ्या. मोठ्याने सांगा, बाई. कोर्टाला ऐकू येत नाही.”

कोर्ट म्हणजे शेगडीपाशी बसलेल्या काकी. वकीलसाहेबांच्या गावच्याच, त्यांच्या पत्नी गेल्यापासून स्वयंपाक आणि घर दोन्ही त्या सांभाळीत. “कोर्टाला समदं ऐकू येतंय,” त्या म्हणाल्या. “कोर्टाचं कालवन निवतंय, त्याचं काय?”

वकीलसाहेबांच्या हिशेबात जगातले सारे अन्न हे हातोहात पुढे आलेले ऊन होते. वालाची उसळ आणि तांदळाची भाकरी हे पहिल्या हातचे ऊन, कारण वालाने आणि भाताने ते थेट सूर्याकडून घेतलेले. बोकडाचे मटण दुसऱ्या हातचे. बोय खाणारा तांब मासा ताटात आला तर तिसऱ्या हातचे; आणि सुरमईसारखे बडे प्रस्थ असेल, तर ते चौथ्या की पाचव्या हातचे याची उलटतपासणी कालवण थंड होईपर्यंत चाले. त्यांना यातले शास्त्र ठाऊक नव्हते. ठाऊक नाही हे सांगण्यात त्यांना कमीपणाही वाटत नसे. “कोर्टात उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारायचा नसतो,” ते म्हणत, “आणि घरात दुसरा कुठला विचारायचा नसतो. जन्मभर पहिला नियम पाळला. आता दुसरा पाळतोय.”

हा दुसरा नियम ते घराबाहेरही पाळीत. एसटी स्थानकाच्या बाकावर संध्याकाळी बसून ओळखीच्या वाहकांना ते “आज काय जेवलात?” असे विचारीत आणि उत्तर मिळाले की बोटांवर हात मोजीत. बाजारात त्यांचा कोट लांबून दिसला की मासळीवाल्या एकमेकींना कोपराने ढोसत. “वकीलसायब, आदी इकत घ्या, मंग इचारा,” एक जण नेहमी ओरडे. “मासा हाय त्यो, आरोपी नाय!”

“साक्षीदार आहे,” ते गंभीरपणे म्हणत आणि माशाचे कल्ले उघडून पाहत.

एका बाबतीत मात्र हा उदार मनुष्य कमालीचा कद्रू होता. माशाचे डोके ते कोणाला देत नसत. पाहुणा असो, जावई असो, डोके मालकाचे. एकदा काकींनी अनवधानाने डोके माझ्या ताटात वाढले. वकीलसाहेबांनी शांतपणे हात पुढे केला, ते उचलून आपल्या भातावर ठेवले आणि म्हणाले, “समन्स चुकीच्या पत्त्यावर गेलं होतं.”

मी मूळची पोलादपूरच्या वरच्या अंगाची. आमची वाडी डोंगरात. संध्याकाळची गाडी चुकली की महाडमध्येच राहायची वेळ, म्हणून ही खोली घेतली होती. प्राणिशास्त्रातली पदव्युत्तर पदवी पुण्यात मिळवून मी घरी परतले ती वडिलांच्या दुखण्यासाठी. ते दुखणे लांबत गेले. वडील गेले तेव्हा माझ्या बरोबरीच्या मैत्रिणी मुख्याध्यापिका होण्याच्या बेतात होत्या आणि मी पहिली नोकरी शोधत होते. महाडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर जीवशास्त्र शिकवण्याचे काम मिळाले. चाळिशी उलटलेली, डोक्यात बरेच वाचलेले आणि तोंडातून शब्द फुटत नाही, अशी माझी अवस्था होती. वर्गात शिरले की मी खडू घेऊन फळ्याकडे वळे आणि तास संपेपर्यंत फळ्याशीच बोले.

प्राचार्य भले गृहस्थ होते. त्यांनी मला बोलावून अगदी सौम्यपणे सांगितले, “बाई, तुमचं ज्ञान फळ्यापर्यंत पोचतंय. शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही. वर्ष संपायच्या आत मी एकदा तुमच्या तासाला येऊन बसेन. मग पुढच्या वर्षाचं बघू.” ‘परिसंस्थेतील ऊर्जेचा प्रवाह’ हा धडा त्यांनीच निवडला. मी मान डोलावली. या कामावाचून मला पुन्हा डोंगरातल्या त्या रिकाम्या घरात जाऊन बसावे लागले असते. त्याची मला भीती वाटत होती आणि ती कोणाला सांगण्याइतका आवाजही माझ्याकडे नव्हता.

वकीलसाहेबांना मी हे कधी सांगितले नाही. त्यांनीही विचारले नाही. माझी कीव करून त्यांनी मला बोलते केले असते, तर मी कदाचित आणखी मिटले असते. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे असे, आणि घरात उत्तर देणारी मी एकटीच होते.

एकदा काकींनीच नेमका प्रश्न काढला. हात वाढले की ऊन कमी होत जाते, हे माझ्या तोंडून त्यांनी अनेकदा ऐकले होते. त्या दिवशी भाकरी थापता थापता त्या थांबल्या. “मंग येवडं ऊन जातं कुटं? कोन खातं?”

वकीलसाहेबांनी कोट घातला. ताटात मासा नव्हता, तरी घातला. “न्यायालयाने स्वतः प्रश्न विचारलाय,” ते म्हणाले. त्यांनी मोरीतली बादली ओढली, आपली ओंजळ काठोकाठ भरली आणि ती माझ्या ओंजळीत ओतली. निम्मे पाणी त्यांच्या कोटाच्या बाहीत गेले. माझ्या ओंजळीतले मी काकींच्या ओंजळीत ओतले, तोवर बोटांच्या फटींतून बरेचसे फरशीवर सांडले होते. काकींच्या पिठाळ हातांत घोटभर उरले.

“ह्ये मला?” काकी म्हणाल्या. “समद्यांच्या वर मी, नि मलाच येवडंसं?”

“वाघालाही एवढंसंच मिळतं, काकी,” मी म्हणाले. “म्हणून तर हरणं पुष्कळ नि वाघ थोडे. हे पाणी निदान जमिनीवर सांडलेलं दिसतं. ऊन सांडतं ते दिसत नाही. ते अंगाच्या उबेत जातं, धावण्यात जातं, श्वास घेण्यात जातं. शेवाळाला मिळालेलं सगळं बोयला मिळत नाही, कारण शेवाळ स्वतः जगलेलं असतं. बोय पोहलेला असतो. जो तो आपलं जगणं वजा करून पुढे देतो. दहा भाग हाती आले, तर पुढच्याला द्यायला जेमतेम एक उरतो. आणि म्हणूनच साखळी फार लांब होऊच शकत नाही. पाचव्या-सहाव्या हाताला देण्यासारखं काही उरतच नाही.”

बोलणे संपल्यावर मला जाणवले की मी उभी होते, ओले हात हवेत हलवीत होते आणि माझा आवाज चौकापर्यंत गेला असावा. वकीलसाहेब पाटावर बसून ओल्या बाहीतून पाणी पिळत होते. “नोंद घ्यावी,” ते काकींना म्हणाले.

“फरशी कोन पुसनार, त्याची नोंद घ्या,” काकी म्हणाल्या.

सगळेच खटले असे निकाली निघत नसत. पावसाळ्यात काकींनी रानातून अळंबी आणली, तेव्हा ती कितव्या हातची हे ठरेना. अळंबी ऊन खात नाही, ती मेलेल्या लाकडावर जगते. लाकूड पहिल्या हातचे. पण त्या लाकडात मेलेले किडेही असतात, आणि ते किडे कितव्या हातचे? “तारीख द्या,” वकीलसाहेब म्हणाले, आणि दर पावसाळ्यात तो खटला पुढच्या पावसाळ्यावर ढकलला जाई. चिंबोरीला, म्हणजे खाडीतल्या खेकड्याला, तर त्यांनी फितूर साक्षीदार ठरवले होते. ती पाने खाते, मासे खाते, मढे खाते, वेळ आली तर दुसरी चिंबोरीही खाते. “इथे एकामागे एक हात नाहीतच,” मी सांगितले. “सगळ्यांचे हात सगळ्यांत गुंतलेत. ही साखळी नाही, जाळं आहे.” त्यावर ते बराच वेळ चिंबोरीची नांगी चोखत विचार करीत राहिले.

तरीही वर्गात गेले की मी फळ्याकडेच वळत असे. जेवणाच्या पाटावर सापडलेला आवाज कॉलेजच्या जिन्यावर कुठेतरी गळून पडे.

अशात मगरींचे प्रकरण उद्भवले.

वकीलसाहेबांचे गाव महाडच्या खालच्या अंगाला, तुडीलच्या वाटेवर, सावित्रीच्या काठी आहे. घाटापाशी नदीला डोह आहे. त्या डोहात एक थोराड मगर पूर्वीपासून होती. गाव तिला ‘म्हातारी’ म्हणे आणि ती समोरच्या रेतीवर ऊन खात पडलेली असली, तर बायका अलीकडच्या काठावर कपडे धूत. अलीकडच्या काळात मात्र म्हातारीच्या सोबतीला आणखी मगरी दिसू लागल्या. त्या रेतीवर थांबेनात, घाटाच्या पायऱ्यांपाशी येऊ लागल्या. एक शेळी गेली. मग एका बाईच्या हातातली बादली पाण्यात ओढली गेली. बाई थोडक्यात बचावली. गावात बैठक ठरली. मांसात विष घालून डोहात टाकावे, असे काही तरुण उघड बोलू लागले होते.

“मगरींचं वकीलपत्र मी घेतलंय,” वकीलसाहेबांनी जेवताना जाहीर केले.

“घेतलंत,” काकी म्हणाल्या. “आंगटा कुटं उटवून घेतलात मगरीचा?”

“तोंडी आहे. आणि बाई माझ्या साक्षीदार.”

‘नाही’ म्हणायलाही आवाज लागतो. तो मला वेळेवर सापडला नाही, म्हणून मी गेले.

रविवारी दुपारी आम्ही गावात पोचलो. बैठक उन्हे उतरल्यावर देवळात होती. वकीलसाहेब भावकीत गप्पा मारीत बसले आणि काकी मला घाट दाखवायला घेऊन गेल्या. डोहाच्या काठी करंजाखाली शेंदूर फासलेला दगड आहे. तो गावाचा राखणदार. त्याला कोंबड्याचा मान द्यायचा, त्याला राखण म्हणतात. राखणदाराने गुराढोरांना, माणसांना सांभाळावे हा त्यामागचा भाव. त्या दिवशीही एक राखण नुकतीच झाली होती. मुंबईहून सुट्टीला आलेली मंडळी चुलीवरचे पातेले उतरवत होती. करंजाच्या मुळांत पिसे अडकली होती, वर कावळे आणि घारी घिरट्या घालत होत्या. एका धिप्पाड तरुणाने प्लास्टिकचे टब उचलले आणि त्यातली आतडी, पाय, डोकी एका झटक्यात डोहात भिरकावली.

पायऱ्यांपाशी मगरींची डोकी आधीच पाण्यावर थांबलेली होती. मग पाणी तीन-चार ठिकाणी एकदम उकळल्यासारखे ढवळले.

“मॅडम, व्हिडिओ घ्या, व्हिडिओ!” तो तरुण मला म्हणाला. “फुल टाइमपास! तुम्ही काकांकडे राहता ना महाडला? मी पुतण्या त्यांचा. आमच्या घरची राखण आज.”

मी काकींकडे पाहिले. त्या पदराने नाक झाकून उभ्या होत्या. “आमच्या ल्हानपनी वरसातून येकदा व्हायची, गो,” त्या हळूच म्हणाल्या. “समद्या गावाचा मिळून येक कोंबडा. आता रस्ता झाला, गाड्या आल्या. दर आयतवारी कुनाची तरी हायेच. वकीलसायबांच्याच घरानं ही रीत मोटी केली.”

घाटाशी मगरी का येतात याचे उत्तर माझ्यापुढे त्या डोहात ढवळत होते, आणि ते मला नको होते. ज्या माणसाच्या घरी मी राहत होते, ज्याच्या ताटाला ताट लावून जेवत होते, त्याच्या घराण्याचे नाव त्याच्याच गावात, त्याच्याच भावकीसमोर घ्यावे लागणार होते. घेतले नाही तर मगरींना विष. घेतले तर कदाचित माझी खोली जाणार, आणि खोलीबरोबर नोकरीही.

देवळाकडे जाताना मी वकीलसाहेबांना गाठले. “साहेब, मला तुमच्याशी जरा—”

त्यांनी हात वर केला. “साक्षीआधी साक्षीदाराने वकिलाशी बोलायचं नाही.”

“पण हे तुम्हाला आधी कळायला—”

“बाई, पढवलेली साक्ष मला जन्मभर ओळखू आली आहे. इतरांनाही येते.” आणि ते कोटाची बटणे लावत पुढे गेले.

सभामंडप भरला होता. पोलीस पाटील मध्ये बसले होते. पुरुष समोर, बायका खांबांच्या कडेने, मुंबईकर मंडळी पायऱ्यांवर. वकीलसाहेबांचे थोरले चुलतभाऊ भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्या शब्दाबाहेर गाव जात नसे.

“अरं, मगरीचा वकील आला रं!” पायऱ्यांवरून कोणीतरी म्हणाले. “फी काय घेतली, आप्पा? शेळीची तंगडी?”

हशा विरेपर्यंत वकीलसाहेब थांबले. मग त्यांनी मला मंडपाच्या मधोमध उभे केले. माझ्यासमोर फळा नव्हता. वळायला जागाच नव्हती.

“बाई, मगर काय खाते?”

“मासे,” मी म्हणाले.

“शेवटच्या माणसाला ऐकू आलं नाही.”

“मासे,” मी पुन्हा म्हणाले. “कासवं, पक्षी, काठाला आलेलं जनावर. मेलेलंही खाते.”

“म्हणजे तिसऱ्या-चौथ्या हातचं ऊन. बरोबर? मग मला सांगा, आपल्या या डोहातलं ऊन किती मगरींना पुरेल?”

“फार थोड्यांना. नदीत शेवाळ किती, त्यावर बोय किती, त्यावरून मगरी किती हे ठरतं. प्रत्येक हातात बरंचसं सांडून जातं. मगर तशी कमी खाते, तिला आपल्यासारखं अंग गरम ठेवावं लागत नाही. उपाशीही पुष्कळ दिवस राहते. तरीसुद्धा एवढ्याशा डोहाला इतक्या मगरी झेपणार नाहीत. म्हातारी एकटी होती ती त्याचमुळे. बाकीच्या नदीभर पांगलेल्या असणार.”

“ऐकलंत?” ते गावाकडे वळले. त्यांचा चेहरा उजळला होता. “म्हणजे माझे अशील इथे पोटासाठी आले, आणि ते पोट डोहातल्या उन्हावर भरत नाही! मग बाई, त्यांना खाऊ घालतंय कोण?”

त्यांना उत्तर माहीत नव्हते. कोर्टात कधीही न मोडलेला नियम त्यांनी माझ्यावर विश्वास टाकून मोडला होता.

“आपण,” मी म्हणाले. मग मी शेवटच्या पायरीकडे तोंड केले. “राखणीचं उरलंसुरलं डोहात जातं. ते ऊन नदीचं नाही. ते बाहेरून येतं, पोल्ट्रीतून, गाडीतून, दर रविवारी. मगरींना घाटाच्या पायऱ्या म्हणजे जेवायची जागा हे कळलंय. आज दुपारी मी पाहिलं. टब ओतण्याच्या आधीच त्या येऊन थांबल्या होत्या.” आणि मग, थांबले असते तर पुन्हा बोलता आले नसते म्हणून, मी पुढे म्हणाले, “आजची राखण तुमच्या घरची होती, साहेब.”

थोरले चुलतभाऊ भिंतीपासून सरळ झाले.

“देवाचं देतो आमी,” ते म्हणाले. “मगरीला कोन देतंय? बाहेरची बाई येऊन आमच्या राखनीला नावं ठेवनार?”

“नावं कोन ठेवतंय?” खांबाकडून काकींचा आवाज आला. “देवाला रगत नि नारळ लागतो. आतडी कवा मागितली त्यानं? तुमच्या आयेनं वरसाला येक कोंबडा दिला, तवा राखन व्हत न्हवती काय? तवा काय राखनदार उपाशी व्हता?”

बायकांत कुजबूज झाली. मग कोणीतरी हसले, आणि ते हसणे पसरत गेले. पायऱ्यांवरचा पुतण्या मोबाईलकडे बघत राहिला.

सगळ्यांच्या नजरा वकीलसाहेबांकडे लागल्या. माझी सगळ्यांत जास्त. त्यांनी कोटाची बटणे एकेक करून सोडली, कोट काढला, घडी घालून हातावर घेतला. बनियनवर, देवळाच्या मंडपात, भावकीसमोर ते उभे राहिले.

“पोलीस पाटील,” ते म्हणाले, “एवढ्या वर्षांत असा प्रसंग आला नव्हता. मगरी निर्दोष आहेत, हे सिद्ध झालं. त्यांचा वकीलच आरोपी निघाला. गुन्हा कबूल आहे. शिक्षा काय ती गावाने द्यावी.”

शिक्षा अशी ठरली की, राखणीचे उरलेसुरले डोहात न टाकता वरच्या माळावर वकीलसाहेबांच्या आंब्यांच्या मुळाशी खड्डा करून पुरायचे, आणि पहिला खड्डा त्यांनी स्वतः खणायचा. “राखनीला हात लावायचा नाय,” थोरले चुलतभाऊ अखेर म्हणाले. “आतड्यांचं काय ते तुमी बघा.” त्यांच्याकडून एवढे म्हणजे पुष्कळ होते.

मगरी लगेच गेल्या, असे मी म्हणणार नाही. पुष्कळ दिवस त्या रविवारी घाटाशी येऊन वाट बघत. मग त्या कमी दिसू लागल्या. म्हातारी मात्र रेतीवरच आहे, आणि विषाची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

त्या संध्याकाळी परतताना रिक्षात वकीलसाहेबांनी घडी घातलेला कोट मांडीवर घेतला होता. महाडचे दिवे दिसू लागेपर्यंत मी मनातल्या मनात सामान बांधत होते.

“बाई,” ते एकदम म्हणाले, “खोली सोडायचा विचार आहे का?”

“तुम्ही म्हणाल तर…”

“मी काही म्हणत नाही. फक्त एक नोंद घ्या. देवळाच्या शेवटच्या पायरीवर माझा तो दिवटा पुतण्या बसला होता. त्यालासुद्धा ऐकू गेलं.”

पुढे प्राचार्य माझ्या तासाला येऊन शेवटच्या बाकावर बसले. मी खडू टेबलावर ठेवला, वर्गाकडे तोंड केले आणि पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारले, “आज डब्यात काय आणलंयस? ते कितव्या हातचं ऊन आहे?” नंतर बराच वेळ मला काही बोलावेच लागले नाही, वर्ग आपापसांत भांडत होता. मी अजून त्याच महाविद्यालयात आहे. वकीलसाहेब आता नाहीत. मला जो आवाज मिळाला तो त्यांच्या पाटावर मिळाला, हे त्यांना नीट शब्दांत सांगायचे माझ्याकडून राहून गेले. सांगायला गेले असते तर “पुरावा काय?” असे त्यांनी नक्कीच विचारले असते.

शेवटचा रविवार आठवतो. त्यांना धाप लागू लागली होती, आणि पुण्यात राहणारा त्यांचा मुलगा दुसऱ्या दिवशी त्यांना तिकडे नेणार होता. काकींनी तांब आणला होता, मोठा. कोट खुंटीवरच राहिला. हात वर करणे त्यांना जड जाई. तरी प्रश्न आलाच.

“बाई, एक शंका राहिली आहे. पाणी सांडलं तर वाफ होऊन पाऊस होतो, परत येतं. माती मातीला मिळते. आतडी आंब्याला मिळाली. मग हे ऊन हातोहात फिरून पुन्हा सूर्याकडे कधी पोचतं?”

“पोचत नाही, साहेब.”

“कधीच नाही?”

“नाही. पाणी, माती, राख हे सगळं फिरून येतं. ऊन एकदाच येतं. ज्याच्या हातात येतं त्याला जगवतं, थोडं पुढच्याच्या हातात जातं, बाकीचं ऊब होऊन निघून जातं. ज्याने दिलं त्याला परत करता येत नाही. पुढेच द्यावं लागतं.”

“अपील?” त्यांनी विचारले.

“नाही.”

“हं,” ते म्हणाले.

काकींनी वाढले. डोके नेहमीप्रमाणे त्यांच्या ताटात. त्यांनी ते क्षणभर न्याहाळले, मग दोन बोटांनी उचलले आणि माझ्या भातावर ठेवले. काकींचा डाव हातातच राहिला.

“साहेब,” मी म्हणाले, “डोकं मालकाचं.”

“समन्स बरोबर पत्त्यावर गेलंय,” ते म्हणाले. “जेवा, बाई. निवतंय.”